बढती मिळाली की गणतीतून बाद

अमेरिकेतल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये, लष्करी तळांवर ‘स्किलक्राफ्ट’चं काळं बॉलपेन हमखास दिसतं. १९५२पासून सरकार ते घेत आलंय. अटी कडक आहेत: रेघ मैलभर उमटली पाहिजे, उणे ४०पासून १६० अंश फॅरनहाइटपर्यंत पेन चाललं पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये ते जोडतात अंध कामगार.

यामागे १९३८चा वॅगनर-ओ'डे कायदा आहे. मंदीच्या काळात अंधांच्या संस्थांनी बनवलेले झाडू, मॉप सरकारनं घ्यावेत म्हणून तो आला. वस्तू एकदा खरेदी यादीत आली की खात्यांनी ती याच संस्थांकडून घ्यायची. निविदा नाही, भाव सरकारी आयोग ठरवतो. १९७१मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकारानं इतर गंभीर अपंगत्व असलेल्यांनाही दार उघडलं आणि वस्तूंबरोबर साफसफाईसारख्या सेवाही आल्या. आज या ‘ॲबिलिटीवन’ योजनेत तीस हजारांहून अधिक लोक काम करतात.

मजुरीची गोष्ट मात्र संताप आणणारी आहे. २५ जून १९३८ रोजी, म्हणजे वॅगनर-ओ'डे कायद्यावर सही झाली त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी किमान वेतनाच्या कायद्यावरही सही केली. त्यात अपंगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा होती. या योजनेच्या कंत्राटांपुरती ती बंद व्हायला २०२२ उजाडलं. मूळ कायद्यात ती अजूनही आहे.

दुसरा पेच जास्त अवघड. संस्थेतल्या प्रत्यक्ष कामाचे ७५ टक्के तास अपंग कामगारांचेच हवेत. नावापुरते चार अपंग दाखवून कुणी कंत्राट लाटू नये म्हणून ही अट, आणि ती रास्तच होती. पण त्यामुळे माणसं आपसातच, बाकीच्या जगापासून वेगळी राहतात. राष्ट्रीय अपंगत्व परिषदेनं २०२०मध्ये योजना टप्प्याटप्प्यानं गुंडाळण्याचीच शिफारस केली. मला ती पटत नाही. हक्काचं काम आधी काढून घ्यायचं आणि पर्याय मागाहून शोधायचा, यात भरडला जाईल तो कामगारच. बदलायला हवी ती अट. कारण कायद्याच्या व्याख्येत देखरेख, तपासणी, प्रशासन हे ‘प्रत्यक्ष काम’ धरलेलं नाही. पेन जोडता जोडता तरबेज झालेल्या अंध कामगाराला पर्यवेक्षक केलं, तर त्याचे तास त्या ७५ टक्क्यांत मोजले जात नाहीत. तो बाहेरच्या कंपनीत गेला, तरी संस्थेच्या हिशेबात घटच.