मॅनहॅटन आणि त्याचे गोत
(राय व्हिस्कीची मिश्रणे : लेखांक ४)

ओल्ड फॅशन्ड आणि बिटर्स ह्यांचा विचार मागील लेखांकांत झाला. आता ज्या पेयापासून राय व्हिस्कीच्या मिश्रणांचा खरा विस्तार सुरू होतो, त्या मॅनहॅटनकडे वळावयाचे आहे. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ ह्या पत्राने एका वाचकाच्या पृच्छेला उत्तर देताना, कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स ह्यांच्या मिश्रणास कॉकटेल म्हणावे, अशी जी व्याख्या छापली, तिच्यातील साखरेची जागा पुढे इटालियन व्हर्मूथने घेतली आणि मॅनहॅटनचा सांगाडा सिद्ध झाला. मात्र त्याच व्याख्येत उघडपणे नोंदलेला एक घटक आज बहुतेक छापील कृतींतून गळून पडला आहे. तो घटक म्हणजे पाणी. घरी केलेले मॅनहॅटन बिघडते ते बहुधा ह्या एका विस्मरणामुळे, असे माझे मत आहे, आणि म्हणून ह्या लेखांकाचा मोठा भाग मी पाण्यालाच देणार आहे.

प्रथम इतिहासाची थोडी खातरजमा करून घेऊ. १८७४ साली सॅम्युएल टिल्डन न्यूयॉर्कचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, त्याप्रीत्यर्थ विन्स्टन चर्चिल ह्यांच्या मातोश्रींनी मॅनहॅटन क्लबात मेजवानी दिली आणि त्या मेजवानीसाठी हे पेय निर्माण झाले, ही कथा इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की तिला दप्तरी दाखल्याचे मोल येऊन बसले आहे. परंतु ती निवडणूक त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली, आणि विन्स्टन ह्यांचा जन्म त्याच महिन्याच्या ३० तारखेचा, इंग्लंडातील ब्लेनहाइम प्रासादातला. तेव्हा प्रसूतीला काही दिवस उरलेली स्त्री अटलांटिकपलीकडे पाहुण्यांची सरबराई करीत होती हे मान्य करता येत नाही. भरवशाचा पुरावा म्हणून १८८४ साली प्रसिद्ध झालेले ओ. एच. बायरन ह्याचे पुस्तक पाहावे. त्यात मॅनहॅटनच्या दोन कृती आहेत, एक फ्रेंच व्हर्मूथची आणि दुसरी इटालियन व्हर्मूथची, आणि ह्या दुसऱ्या कृतीत व्हिस्की व व्हर्मूथ समसमान घातलेली आहेत. त्याच पुस्तकात मार्टिनेझ नामक पेय मॅनहॅटनसारखेच करावे, फक्त व्हिस्कीच्या जागी जिन घ्यावी, असे सांगितले आहे. म्हणजे मार्टिनीची पूर्वज मानली जाणारी मार्टिनेझ ही मॅनहॅटनच्याच घरातली ठरते.

व्हिस्की रायचीच का, हा प्रश्न साहजिक आहे. राय हे गव्हाचे जवळचे भाऊबंद, थंड हवेत आणि निकस जमिनीतही तग धरणारे धान्य. त्यामुळे पेन्सिल्व्हेनिया आणि मेरीलँड ह्या प्रांतांत वसाहतकऱ्यांनी ते पेरले आणि खाऊन उरलेल्याचे मद्य गाळले. १७९१ साली ह्या मद्यावर अबकारी कर बसला, तेव्हा पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी बंड पुकारले आणि १७९४ साली ते मोडण्यासाठी खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन फौजेसह निघाले. पुढे निवृत्त होताना त्याच वॉशिंग्टननी माउंट व्हर्नन येथील आपल्या इस्टेटीवर भट्टी घातली, आणि तिच्या धान्यात ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के मोड आणलेले सातू असे प्रमाण होते. आजच्या अमेरिकन कायद्यास राय किमान ५१ टक्के असली आणि मद्य आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेले असले म्हणजे पुरते. म्हणून एका बाटलीत ५१ टक्के राय असते तर दुसरीत ९५ टक्के, आणि दोन्हींवर नाव एकच.

बर्बनमध्ये मक्याचे प्राबल्य असल्यामुळे तिची चव मुळातच गोडसर. तिच्यात गोड व्हर्मूथ पडले की पेय जिभेवर जड होऊन बसते. राय ही कोरडी, किंचित मिरमिरणारी; गुळाच्या पाकात सुंठ जे काम करते तेच ती व्हर्मूथच्या गोडीत करते. १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या काळात पेन्सिल्व्हेनिया व मेरीलँडच्या भट्ट्यांचा कणाच मोडला. त्यानंतर अनेक दशके मॅनहॅटनमध्ये बर्बन किंवा कॅनडाची सौम्य व्हिस्की पडत राहिली, आणि लोकांना तीच मूळ चव वाटू लागली. कॅनडाच्या बाटलीवर राय असे लिहिलेले असले तरी तेथील कायदा रायचे किमान प्रमाण ठरवीत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. निवड करण्याची मुभा असेल तर मी ‘बॉटल्ड इन बाँड’ असा शिक्का असलेली बाटली घ्यावी असे म्हणेन. १८९७ च्या कायद्यान्वये अशी व्हिस्की एकाच भट्टीची आणि एकाच हंगामातली असावी लागे, निदान चार वर्षे सरकारी कुलपाखालच्या वखारीत मुरावी लागे, आणि बाटलीत भरताना तिची तीव्रता नेमकी ५० टक्के ठेवावी लागे. कुलपाचा अंमल आता सैल झाला असला तरी वर्षांची आणि तीव्रतेची अट कायम आहे, आणि बर्फाचे पाणी पोटात घेऊनही आपला आवाज न गमावण्यास ही तीव्रता फार उपयोगी पडते.

व्हर्मूथविषयी एकच सूचना. ती वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइनच असल्यामुळे बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या व्हर्मूथने उत्तमातली उत्तम राय व्हिस्कीही वाया जाते.

आता कृती. ६० मिलिलिटर राय, ३० मिलिलिटर गोड इटालियन व्हर्मूथ, आणि अँगोस्टुरा बिटर्सची बाटली दोनदा झटकून पडेल तेवढा अर्क. हे सर्व बर्फाने भरलेल्या जाड काचेच्या भांड्यात घालून लांब दांड्याच्या चमच्याने ढवळावे आणि थंड केलेल्या पेल्यात गाळावे. एवढे सांगून पुस्तके थांबतात. परंतु ९० मिलिलिटर मिश्रण भांड्यात घातले असता गाळून निघते ते सुमारे १२० मिलिलिटर किंवा त्याहून थोडे अधिक, आणि हे वाढलेले ३० मिलिलिटर म्हणजे वितळलेल्या बर्फाचे पाणी होय. तयार पेल्याचा निदान चौथा हिस्सा. व्हिस्की ४५ टक्के तीव्रतेची धरली तर मिश्रण आरंभी ३५ टक्क्यांच्या आसपास असते आणि पेल्यात उतरते तेव्हा २६ टक्क्यांच्या आसपास. वाचकांनी मापाच्या भांड्यात एकदा स्वतः मोजून पाहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण हे पाणी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मोजल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही.

बर्फ केवळ गारवा देतो आणि वितळतो हा त्याचा दोष आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो वितळतो म्हणूनच गारवा येतो. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती तो भोवतालच्या मद्यातून ओढून घेतो; तेवढ्याच वजनाचे पाणी एक अंशाने तापण्यास एकच कॅलरी लागते हे लक्षात घेतले म्हणजे ह्या ओढीचे बळ कळते. शिवाय मद्यमिश्रित पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली असल्याने, मिश्रण शून्य अंशावर पोहोचले तरी बर्फ वितळावयाचा थांबत नाही, आणि मिश्रण शून्याखाली काही अंश उतरते. ह्यास्तव, पाणी मिसळू नये म्हणून पाच-दहा सेकंदांत ढवळणे आटोपणाऱ्याच्या हाती कोमट आणि घशाला जाळणारे पेय येते. अर्धा मिनिट शांतपणे ढवळावे. बर्फ मोठ्या खड्यांचा असेल तर थोडे अधिक. फ्रीजरमधून काढून ठेवलेल्या बर्फावर मुंबईच्या दमट हवेत पाहता पाहता पाणी साचते. ते पाणी गारवा न देता केवळ मिश्रण पातळ करते, म्हणून भांड्यात टाकण्यापूर्वी बर्फ निथळून घ्यावा. आणि जेथे रस, दूध किंवा अंड्याचा पांढरा भाग नाही तेथे झाकणाच्या भांड्यात घालून हलवू नये. हलवल्याने हवेचे सूक्ष्म बुडबुडे शिरून पेय गढूळ होते आणि मॅनहॅटनचे रेशमी अंग नाहीसे होते.

हे गणित समजले की एक मोठी सोय होते. चार माणसांसाठी २४० मिलिलिटर राय, १२० मिलिलिटर व्हर्मूथ, प्रमाणात बिटर्स आणि १३० मिलिलिटर पिण्याचे पाणी सकाळीच बाटलीत एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवावे, आणि पाहुणे येण्याच्या तासभर आधी ती बाटली फ्रीजरमध्ये सरकवावी. रात्रभर मात्र तेथे ठेवू नये. इतक्या सौम्य मिश्रणात बर्फाचे कण धरतात.

वरून लालभडक डबाबंद चेरी घालण्याचा प्रघात मला मान्य नाही. त्याऐवजी संत्र्याच्या सालीची पट्टी पेल्यावर पिळून तिच्यातील तेलाचा सूक्ष्म फवारा पृष्ठभागावर पडू द्यावा. आपल्या कागदी लिंबाची साल ह्या कामी फारच पातळ पडते. नागपुरी संत्र्याची साल सैल सुटते, तिचा गंध भरपूर असतो, आणि रायच्या मिरमिरीशी तो उत्तम जुळतो. मात्रेविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. अशा एका पेल्यात सुमारे २५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि अमेरिकेत १४ ग्रॅम म्हणजे एक पेय असे मानतात. म्हणून घरी ४५ मिलिलिटर रायला साडेबावीस मिलिलिटर व्हर्मूथ हीच मात्रा योग्य, आणि ती शेवटच्या घोटापर्यंत गारही राहते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

गोताचा विस्तार आता थोडक्यात सांगता येतो, कारण दोन भाग राय आणि एक भाग व्हर्मूथ हा पाया पक्का असला की एकेक घटक बदलत जावयाचे असते. गोड व्हर्मूथ निम्मे काढून तेथे कोरडे फ्रेंच व्हर्मूथ घातले की ‘परफेक्ट’ मॅनहॅटन होते. गोड सर्वस्वी काढून कोरडे घ्यावे, माराशिनो ह्या चेरीच्या गोड मद्याचे आणि अमेर पिकाँ ह्या फ्रेंच कडू मद्याचे थोडे थोडे थेंब द्यावेत, की ब्रुकलिन होते; पिकाँ मिळणे दुरापास्त असल्यामुळे हे पेय दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. ह्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी ह्या बारमध्ये व्हिन्चेन्झो एर्रिको ह्याने पुंत ए मेस हे कडवट व्हर्मूथ आणि माराशिनो घेऊन त्यातून वाट काढली आणि त्या पेयाला ब्रुकलिनमधीलच रेड हुक ह्या वस्तीचे नाव दिले. पुंत ए मेसचा कडवटपणाच पिकाँची उणीव भरून काढतो, म्हणून घरी करावयाचे तर ब्रुकलिनपेक्षा रेड हुकच करावे असा माझा सल्ला आहे: ६० मिलिलिटर राय, १५ मिलिलिटर पुंत ए मेस आणि १५ मिलिलिटर माराशिनो. व्हर्मूथ पूर्णपणे वगळून ६० मिलिलिटर रायला ७ मिलिलिटर फर्नेट ब्रांका हे कडू मद्य आणि तेवढाच साखरेचा पाक दिला, बिटर्स कायम ठेवले, की टोरांटो. तिचा औषधी कडूपणा पहिल्या घोटाला दचकवतो, परंतु जड जेवणानंतर ह्या सर्व पेयांत मी तिचीच निवड करीन.

ह्या गोतातील एक शाखा मात्र मी जाणूनबुजून वगळली आहे. न्यू ऑर्लिन्सच्या माँटेलिओन हॉटेलात १९३० च्या दशकात वॉल्टर बर्जेराँ ह्याने राय, कोन्याक आणि व्हर्मूथ समभाग घेऊन सिद्ध केलेले व्ह्यू कॅरे हे मॅनहॅटनचे आप्त असले, तरी त्यातील पेशो बिटर्स आणि त्यातील कोन्याक ही दोन्ही त्याच शहरातल्या सॅझरॅक ह्या पेयाच्या इतिहासाशी निगडित आहेत. म्हणून व्ह्यू कॅरे आणि सॅझरॅक ह्या दोहोंचा विचार पुढील आठवड्यात एकत्र करू. तोवर ज्यांना पेशो बिटर्सची बाटली मागवावयाची असेल त्यांनी मागवून ठेवावी. अँगोस्टुराने तिची जागा भरून निघत नाही.