मिठाचा जमाखर्च

गेल्या वर्षी ऑफिसतर्फे झालेल्या आरोग्य तपासणीत माझा रक्तदाब 148/96 निघाला. वय वर्षे 34. मी यंत्रालाच दोष दिला, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे दुसरे यंत्र आणले. आकडा जवळजवळ तोच. आठवडाभर घरी मोजून झाल्यावर गोळी सुरू झाली, आणि डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, "जेवणात मीठ किती असते?" मी ठामपणे सांगितले, "बेताचेच." बेताचे म्हणजे किती ग्रॅम, असे त्यांनी विचारले असते तर मात्र माझी पंचाईत झाली असती. दिवसभर संगणकासमोर बसून आकडे जुळवणाऱ्या माणसाला आपल्या ताटातला हा एक आकडा माहीत नव्हता.

सवय कुठे लागली ते मात्र पक्के आठवते. पुण्याला इंजिनिअरिंगला असताना मेसची पाणचट आमटी घशाखाली उतरावी म्हणून लोणचे, पापड, फरसाण यांचा आधार असे. रात्री अभ्यासाच्या नावाखाली नूडल्स, आणि परीक्षा संपली की वडापाव. विशीत रक्तदाब मोजतो कोण? तो आजोबांचा आजार!

आता हाच प्रवास डोळ्यांसमोर पुन्हा सुरू झालेला दिसतो. माझी थोरली बहीण सालमियाला राहते. तिचा मुलगा इथेच कुवेतमध्ये विद्यापीठात शिकतो, वय 19. रक्तदाबाची कथा ऐकून तो म्हणाला, "मामा, मला काही काळजी नाही. मी वरून मीठ घेतच नाही." मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेच्या तालमीला जमणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनाही मी सहज विचारून पाहिले. मिठाने बीपी वाढते हे सगळ्यांना ठाऊक. दिवसाला किती चालते, यावर मात्र "चिमूटभर" पासून "दोन-तीन चमचे" पर्यंत सगळी उत्तरे आली. 5 ग्रॅम हे बरोबर उत्तर एकाच मुलीने दिले. त्या वेळी तिच्या हातात वेफर्सचे पाकीट होते, ही गोष्ट वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही भरत नाही इतकी आहे. त्याच संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगाची सरासरी 10.8 ग्रॅम आहे. थोडक्यात, सगळे जगच दुपटीने उधळपट्टी करते आहे. पण भाच्याला जगाची सरासरी सांगून काय उपयोग? म्हणून एका शुक्रवारी आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि त्याच्या आदल्या दिवसाचा जमाखर्च मांडला. जमेला 5 ग्रॅम. आता खर्च.

इथे पहिली अडचण आली ती पाकिटावरच्या भाषेची. अरबी नव्हे हो, आकड्यांची! आपल्या जमियात एकाच फळीवर युरोप, अमेरिका, भारत, फिलिपाइन्स अशा सगळ्या देशांचा माल असतो. युरोपच्या पाकिटावर मीठ ग्रॅममध्ये आणि दर 100 ग्रॅम पदार्थामागे लिहितात. अमेरिकेच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये, तेही "एका वाढणीत", आणि ती वाढणी पाकिटाच्या निम्मीसुद्धा असू शकते. भारतीय मालावरही सोडियमच असते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते, एवढे एक सूत्र लक्षात ठेवावे. 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 5 ग्रॅम मीठ. हे माहीत नसले की "सोडियम 1.1 ग्रॅम" हा आकडा अगदी निरुपद्रवी वाटतो.

भाच्याच्या खर्चाच्या बाजूला, पाकिटे वाचून, असे उतरले: सकाळी पावाच्या दोन स्लाइस, सोडियम 300 मिलिग्रॅम. त्यातली चीजची चकती, 250. दुपारी कॅन्टीनमध्ये कपातले नूडल्स, 1100. चार वाजता वेफर्सचे छोटे पाकीट, 160. बेरीज 1810, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. मिठाच्या डबीला हात न लावता, आणि घरचे जेवण अजून व्हायचे असताना! शिवाय रात्री मित्रांबरोबर खाल्लेल्या शावर्म्यावर लेबल नसते, आणि त्यातल्या लोणच्याच्या काकड्यांचा हिशेब कोण ठेवणार? तो भाग आम्ही प्रश्नचिन्ह टाकून सोडून दिला. भाचा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण मामा, वेफर्सच तर सगळ्यांत खारट लागतात." हेच तर! वेफर्सचे मीठ वर भुरभुरलेले असते, जिभेला लगेच कळते. पावातले मीठ आत मुरलेले, ते कळत नाही आणि मोजलेही जात नाही.

एवढ्यात ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे बाहेरचंच वाईट, घरचं चांगलं, असंच ना?" तिला बरे वाटावे म्हणून हो म्हणणार होतो, पण हिशेबाला बसल्यावर सवलत कशी देणार? मी विचारले, "मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते?" ती म्हणाली, "सव्वा महिना, चाळीस दिवस धर." घरात माणसे चार. हजार ग्रॅम भागिले चार, भागिले चाळीस. माणशी सव्वासहा ग्रॅम! भाचा दुपारी बाहेर जेवतो, थोडे मीठ पाण्याबरोबर वाया जाते, हे धरले तरी घरचा खर्चच एकट्याने जमेच्या आसपास जातो. वर विकतचे लोणचे आणि पापड वेगळेच. इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक मीठ तयार पदार्थांतून पोटात जाते, भारतात बहुतेक मीठ स्वयंपाकघरात पडते. आपली इथली मुले दोन्हीकडून घेतात.

ताईचे म्हणणे होते की कुवेतच्या उन्हात घाम जातो, मीठ नको का? ऊन आहे खरे. 21 जुलै 2016 रोजी इथल्या मितरिबाह केंद्रावर 53.9 अंश नोंदले गेले. पण आपली मुले एसीच्या घरातून एसीच्या गाडीत आणि तिथून एसीच्या वर्गात जातात. रस्त्यावर किंवा बांधकामावर राबणाऱ्यांची गोष्ट निराळी. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला बंदी आहे ती काही उगाच नाही. आणि उन्हाची सवय झालेले शरीर घामातून मीठ जपूनच सोडते. सैंधव किंवा गुलाबी मीठ घेतले तर चालेल का, हा ताईचा पुढचा प्रश्न. त्यातही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, फक्त दिनार जास्त पडतात. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ मात्र खरोखर उपयोगी ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये तशी शिफारस केली आहे. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. मला माझ्या डॉक्टरांनी नकोच म्हटले.

मजा पाहा, कुवेतमध्ये 1953 पासून, शुवैखच्या पहिल्या मोठ्या कारखान्यापासून, समुद्राचे पाणी तापवून त्यातले मीठ काढण्यावर केवढे इंधन खर्च होत आले आहे. आणि आपण ते जेवणात परत घालतो!

चव जाईल ही भीती सगळ्यांनाच असते. त्यावर कुवेतचेच उदाहरण देतो. 2013 च्या सुरुवातीला इथे आहारातले मीठ आणि स्निग्ध पदार्थ कमी करण्यासाठी एक कार्यगट नेमला गेला. देशातला बहुतेक पाव आणि खुबूस कुवेत फ्लोअर मिल्स अँड बेकरीज ही एकच कंपनी पुरवते, म्हणून सुरुवात तिथूनच झाली आणि त्या वर्षअखेरपर्यंत पावातले मीठ टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांनी उतरवले गेले. एकदम काढले असते तर जिभेला कळले असते. थोडे थोडे काढले की काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग जुनीच चव खारट वाटू लागते.

आता थोडे पैशाविषयी. रक्तदाबाची गोळी स्वस्त असते, पण ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. डिसेंबर 2022 मध्ये इथल्या सरकारी दवाखान्यांत परदेशी रुग्णांना औषधांसाठी 5 दिनार, तर रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात 10 दिनार लागू झाले. भारतात परतल्यावर आरोग्य विमा घ्यायचा तर रक्तदाब आधीचा आजार म्हणून जाहीर करावा लागतो, आणि 2024 च्या नियमांनुसार अशा आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मी हप्त्याचा हिशेब करून पाहिला आहे. 19 व्या वर्षी तो कोणी करत नाही.

ताईने दुसऱ्या दिवशी मिठाच्या नव्या पिशवीवर पेनने तारीख घातली. कणकेतले मीठ बंद झाले, भाताच्या पाण्यातले बंद झाले, आमटीतले थोडे थोडे उतरत गेले. भावोजींनी पहिला आठवडा कुरकुर केली, मग विसरले. भाचा नूडल्सचा मसाला अर्धाच घालतो, बाकीचा अर्धा मात्र जपून ठेवतो. त्याचे काय करतो ते मी अजून विचारलेले नाही. ती पिशवी 52 दिवस पुरली. म्हणजे माणशी 4.8 ग्रॅम, लोणचे-पापड सोडून. परवा ताईचा फोन आला, नव्या पिशवीवर तारीख घातली म्हणून.