महिना एक डॉलर भाड्याचं खोपटं

टोरांटोची मेट्रो उत्तरेला जिथे संपते, ते वॉन. या शहराच्या क्लाइनबर्ग भागात मॅकमायकल कलासंग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात एक साधं लाकडी खोपटं उभं आहे. ते मूळचं इथलं नव्हेच. टोरांटोच्या रोझडेल भागात 'स्टुडिओ बिल्डिंग'च्या मागे ते होतं, भाडं महिना एक डॉलर. १९१५ पासूनचे हिवाळे टॉम थॉमसन या चित्रकारानं त्यात काढले आणि कॅनडात पोराटोरांनाही ठाऊक असलेली 'द जॅक पाइन' आणि 'द वेस्ट विंड' ही चित्रं तिथेच रंगवली. १९६२ मध्ये रॉबर्ट आणि सिग्नी मॅकमायकल या दांपत्यानं ते खोपटं विकत घेतलं, सुटं केलं आणि इथे आणून पुन्हा उभारलं.

चित्रं जपणं समजू शकतं. पण भिंती आणि छप्परसुद्धा?

येल विद्यापीठातल्या जॉर्ज न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीनं अंगात घातलेला स्वेटर लोकांना हवा होता; पण तो निर्जंतुक करून मिळेल म्हटल्याबरोबर उत्साह ओसरला. म्हणजे लोकरीपेक्षा तिला लागलेल्या अंगाचं मोल जास्त! पादुकांवर माथा टेकवणाऱ्या आपल्या लोकांना हे प्रयोगाविनाही कळलं असतं म्हणा.

आणि हे वेड माणसांपुरतंच नाही. २००५ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कळपातल्या वरच्या दर्जाच्या माकडाचा चेहरा पाहायला मिळावा म्हणून मकाक जातीची माकडं आपल्या वाटणीच्या रसावर पाणी सोडतात. खालच्या दर्जाचा चेहरा पाहायचा, तर उलट त्यांनाच जास्त रस द्यावा लागतो. बड्यांकडे लक्ष ठेवणं कळपात उपयोगाचं असतं. रविवारी जुहूला अमिताभ बच्चनच्या 'जलसा' बंगल्याबाहेर ताटकळणाऱ्या गर्दीला हसण्याआधी हे आठवावं.

थॉमसनची गोष्ट मात्र बघण्यावर थांबली नाही. ८ जुलै १९१७ रोजी तो अल्गोनक्विन पार्कमधल्या कनू लेकवर होडी घेऊन निघाला. १६ जुलैला त्याचा मृतदेह पाण्यावर तरंगताना सापडला: कपाळाच्या कडेला जखम, घोट्याला गुंडाळलेली मासेमारीची दोरी. निकाल अपघाती बुडण्याचा लागला. तळ्याकाठी दफन झालं आणि काही दिवसांतच घरच्यांच्या इच्छेनुसार शव काढून लीथ गावी नेण्यात आलं. ते खरंच नेलं का, इथून कुजबुज सुरू झाली. १९५६ मध्ये चार जणांनी तळ्याकाठची जागा चक्क खणली. भोक पडलेली कवटी आणि सांगाडा निघाला. तज्ज्ञांनी तो एका आदिवासी पुरुषाचा ठरवला. वाद तरी मिटेना. आणि एका थडग्याच्या शोधात आपण दुसऱ्याच कुणाचा चिरनिद्रेचा हक्क मोडला, याची फारशी चर्चा झाली नाही.

योगायोग असा, की त्याच १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी जुळणाऱ्या एकतर्फी ओळखीवर आपला गाजलेला लेख लिहिला. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला नाही. तरी मनाला ती मैत्रीच वाटते. मग मित्राच्या घरात डोकावायला परवानगी कशाला?

या डोकावण्याची किंमत थॉमसनला मोजावी लागली नाही. ती मोजली विनिफ्रेड ट्रेनरनं. कनू लेकला तिच्या कुटुंबाचं उन्हाळी घर होतं आणि तिचं नाव थॉमसनशी जोडलं गेलं. ती अविवाहित राहिली, १९६२ मध्ये वारली. खोपटं क्लाइनबर्गला आलं ते साल हेच. तिच्याबद्दलच्या अफवांवर पुस्तकं निघाली. त्या मी इथे उगाळत नाही.

कायदा इथे फार कामाचा नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचं म्हणणं हेच होतं की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारशानं मिळत नाही. मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

मॅकमायकलच्या आवारात मात्र दुसरं टोकही दिसतं. थॉमसनचा मित्र आणि एके काळचा खोलीतला सोबती, चित्रकार ए. वाय. जॅक्सन, म्हातारपणी १९६८ पासून या संग्रहालयातच राहिला आणि १९७४ मध्ये वारला. 'ग्रुप ऑफ सेव्हन' या चित्रकारांच्या गटातले सहा जण इथेच पुरलेले आहेत. त्यांच्या थडग्यांभोवती असलं कुठलंच गूढ नाही. उघड्या आयुष्यापेक्षा अर्धं झाकलेलं आयुष्यच आपल्याला जास्त छळतं.

क्लाइनबर्गला गेलात तर खोपटं जरूर बघा. पण वेळ थोडा असेल, तर आधी आत जाऊन थॉमसननं रानात बसून रंगवलेल्या, वीतभर लाकडी फळ्या बघा. त्या त्यानं लोकांनी बघाव्यात म्हणूनच केल्या होत्या.