कठीण खेळ आणि दारावरचे पहारेकरी

लपंडाव किंवा आट्यापाट्या खेळतांना धाकट्या भावंडाला बरोबर घेणें भागच पडलें, तर मुलें त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरवितात. तें पकडलें गेलें तरी बाद होत नाहीं आणि त्याच्यावर राज्य येत नाहीं. ह्या सवलतींत दोन गोष्टी एकदम घडतात. त्या मुलाला खेळांत जागा मिळते. आणि तो खरा गडी नव्हे, हेंही सर्वांदेखत जाहीर होतें. चार वर्षांचें मूल त्यावर खूष असतें. सातव्या वर्षीं तेंच मूल ‘मला लिंबूटिंबू धरूं नका’ म्हणून रडूं लागतें.

संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या जगांत गेलीं कित्येक वर्षें एक वाद धुमसत आहे. त्याचें मूळ ह्या लहानशा अनुभवाहून फार वेगळें नाहीं. मुद्दाम अवघड केलेल्या खेळांत दुबळ्या खेळाडूस सवलत द्यावी काय? आणि ती घेऊन जो शेवटास पोंचला, त्यानें खेळ जिंकला असें म्हणावें काय?

हे खेळ आरंभीं अवघड कां झाले, याचें कारण फारसें उदात्त नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत हीं यंत्रें करमणुकीच्या दुकानांत मांडलेलीं असत, व एक नाणें टाकलें म्हणजे एक डाव मिळे. डाव लवकर संपला कीं दुसरें नाणें पडे; अर्थात् मालकाचें हित खेळाडूच्या पराभवांत होतें. १९७८ सालीं जपानांतील तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. त्यांत वरून उतरणारे शत्रु जसजसे मारले जात, तसतसे उरलेले अधिक वेगानें चालूं लागत. हा वेग आधीं योजलेला नव्हता. पडद्यावर काढावयाचीं चित्रें कमी झालीं म्हणजे यंत्राचें ओझें हलकें होई, एवढेंच त्याचें कारण. निशिकादोंनीं तो दोष गुण म्हणून ठेवून दिला. ज्या वाढत्या काठिण्यास पुढें कलेचा मान मिळाला, त्याचा एक धागा असा यंत्राच्या अशक्तपणांत सांपडतो.

खेळ घरीं आले तेव्हां नाण्याचा प्रश्न उरला नाहीं, पण काठिण्य राहिलें. कोनामी कंपनीच्या ‘ग्रेडियस’ या खेळाची घरगुती आवृत्ति १९८६ सालीं निघाली. ती सिद्ध करणारे काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःच्याच खेळाची परीक्षा घेणें जड जाऊं लागलें. म्हणून त्यांनीं बटणें एका ठराविक क्रमानें दाबलीं असतां सर्व शक्ति मिळतील अशी एक गुप्त किल्ली आंत ठेविली, आणि ती विक्रीच्या प्रतींतही तशीच राहिली. आज ‘कोनामी कोड’ या नांवानें ती जगभर ठाऊक आहे. खेळ घडविणाऱ्यालाच प्रथम सवलत लागली, ही गोष्ट पुढच्या भांडणांत फारशी कोणी आठवीत नाहीं.

सवलतीबरोबर टवाळीही लवकरच आली. १९९२ सालच्या ‘वोल्फेन्स्टाइन ३डी’ या अमेरिकन खेळांत काठिण्याच्या चार पायऱ्या होत्या. सर्वांत सोपी पायरी निवडली म्हणजे नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचें टोपडें आणि तोंडांत चोखणी दिसे. लिंबूटिंबूच तो, फक्त येथें त्याचें चित्र काढलें होतें.

आजच्या वादाचें केंद्र मात्र तोक्यो येथील फ्रॉमसॉफ्टवेअर ही संस्था आणि तिचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी हे आहेत. मियाझाकी २००४ सालीं तेथें लागले. लहानपणीं त्यांना परदेशी अद्भुत कथांचीं पुस्तकें पुरतीं समजत नसत. न समजलेला भाग ते चित्रें पाहून कल्पनेनें भरून काढीत. संस्थेंत एक खेळ बिघडलेल्या अवस्थेंत पडला होता. तो त्यांनीं हातीं घेतला आणि २००९ सालीं तो ‘डेमन्स सोल्स’ म्हणून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग २०११ सालीं ‘डार्क सोल्स’ आला आणि या जातीच्या खेळांना नांवच मिळालें.

या खेळांत मरणें ही नित्याची गोष्ट आहे. शत्रूस मारून जें धन मिळवावें तेंच शक्ति वाढविण्याचेंही साधन असतें. आणि मेल्यावर तें सारें जेथल्या तेथें पडून राहतें. पुन्हां आरंभापासून चालत जाऊन तें उचलण्याची एकच संधि मिळते. वाटेंत पुनः मृत्यु आला, तर तें कायमचें गेलें. एकाच राक्षसापुढें माणसें तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळां मरतात आणि मग एके रात्रीं तो पडतो. त्या क्षणींचा आनंद ज्यांनीं अनुभविला, ते तो विसरत नाहींत. त्या आनंदास खोटा म्हणण्याचें कांहींच कारण नाहीं.

पण या खेळांची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. मियाझाकींनीं सांगितलेली हकीकत अशी, कीं एकदां बर्फ पडत असतां चढावावर मोटारींची रांग अडकली. चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. तेव्हां मागच्या मोटारीनें पुढचीला हलकेंच ढकलावें, तिच्या मागचीनें तिला, असें करीत सर्व जण वर चढले. कोणी कोणाला ओळखीत नव्हता आणि आभार मानावयास थांबणेंही शक्य नव्हतें. थांबणारा पुनः अडकला असता. ह्याच अनुभवांतून खेळांतील परस्परसाहाय्याची रचना निघाली. ‘डेमन्स सोल्स’मध्यें अनोळखी खेळाडु जमिनीवर सूचना लिहून ठेवतात: पुढें दबा धरलेला शत्रु आहे, येथें खड्डा आहे. कोणी मेला असेल तेथें रक्ताचा डाग राहतो. त्यास स्पर्श केला तर त्याचे अखेरचे क्षण छायारूपानें दिसतात आणि पाहणारा सावध होतो. एकट्यानें भागत नसेल तर दुसऱ्यास मदतीला बोलावतां येतें. थोडक्यांत, ज्या खेळाचें निशाण घेऊन पहारेकरी दारावर उभे राहिले, तो खेळ परक्यानें परक्यास धक्का द्यावा ह्या कल्पनेवर उभारलेला होता.

हे पहारेकरी कोणीं नेमले? कोणींच नाहीं. खेळ फार मरून जिंकलेल्या माणसांपैकीं कांहींना आपला विजय इतरांना सहज मिळूं नये असें वाटतें. नवख्यानें मदत मागितली कीं ‘गिट गुड’, म्हणजे ‘आधीं खेळावयास शीक’, एवढेंच उत्तर फेंकतात. स्त्री खेळाडु असली तर तिची आणखी उलटतपासणी होते. २०२२ सालीं ‘एल्डन रिंग’ निघाला. त्यांत संकटसमयीं एखाद्या आत्म्यास हांक मारून आपल्या बाजूनें लढावयास लावतां येतें. ही सोय खेळाच्या कर्त्यांनींच दिलेली. तरी ती वापरणाऱ्यानें खरा खेळ खेळलाच नाहीं, असा निवाडा देणारे पुष्कळ निघाले. कर्त्यानें दिलेलें अस्त्र वापरल्याबद्दल भक्तांनीं दंड करावा, हा न्याय विलक्षण म्हटला पाहिजे.

वाद खरा पेटला तो मात्र २०१९ च्या मार्च महिन्यांत, ‘सेकिरो’ बाहेर पडल्यावर. या खेळांत शत्रूच्या तलवारीचा वार अगदीं अचूक क्षणीं अडवावा लागतो, आणि साहाय्यास कोणालाही बोलावतां येत नाहीं. काठिण्य कमी करण्याची कळ तर नाहींच. ती कां नसावी, याविषयीं मियाझाकींचें म्हणणें असें, कीं सर्वांनीं एकच संकट ओलांडावें, म्हणजे सर्वांना सारखाच आनंद मिळेल आणि सर्वांची चर्चाही एकाच पातळीवर होईल. हें म्हणणें टाकाऊ नाहीं. कृति कशी असावी हें ठरविण्याचा अधिकार कर्त्याचा आहे. शिवाय दोर हाताशीं असला कीं कडा चढण्याचा निश्चय ढळतो, हाही मनुष्यस्वभाव आहे.

परंतु ज्याचीं बोटें वळत नाहींत, ज्याचा हात कांपतो, त्याचें काय? त्याला वाराचा क्षण समजतो. त्या क्षणीं बटण दाबलें जात नाहीं. त्यास ‘शीक’ म्हणणें हें पांगळ्यास चालावयास शिकविण्यासारखें आहे. त्याला संकट नको असें नाहीं. त्याच्या शरीराच्या मानानें तितकेंच संकट हवें आहे, इतकेंच. मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं अशा लोकांकरितां मोठ्या बटणांचें एक नियंत्रक काढलें. त्यास पायानें किंवा कोपरानें दाबावयाच्या कळा जोडतां येतात. २०२० सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागांत दृष्टि, श्रवण व हातांच्या अडचणींसाठीं ६० हून अधिक सोयी होत्या. त्यायोगें डोळस आणि धडधाकट खेळाडूंच्या वाट्याचें कांहीं कमी झाल्याचें कोणीं दाखविलेलें नाहीं. रायगडावर रोपवे झाला म्हणून पायऱ्या कोणीं उखडल्या नाहींत.

टोपडें न घालतां सवलत कशी द्यावी, याचा सर्वांत समंजस नमुना ‘सेलेस्ट’ या २०१८ सालच्या कॅनेडियन खेळांत आढळतो. एक मनानें त्रासलेली मुलगी डोंगर चढते, एवढेंच त्याचें कथानक. पण प्रत्येक उडी कठीण. त्यांत ‘असिस्ट मोड’ म्हणून एक सोय आहे. तिनें खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवितां येतो, दमणें बंद करतां येतें, मृत्यूही टाळतां येतो. कथा तीच राहते, शिखरही तेंच. आरंभीं त्या सोयीच्या पाटीवर, प्रथम खेळतांना ती वापरूं नये, असा सल्ला होता. २०१९ सालीं कर्त्यांनीं तो सल्ला काढून मजकूर अधिक मृदु केला. आपल्याच शब्दांत पहारेकऱ्याचा सूर आहे, हें त्यांना कळलें असावें.

वाद अजून मिटलेला नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियांतील टीम चेरी या चिमुकल्या मंडळीचा ‘सिल्कसाँग’ निघाला, तेव्हां तो अति कठीण कीं योग्य कठीण यावर पुनः रणें माजलीं. थोड्याच दिवसांत कर्त्यांनीं आरंभींचे दोन राक्षस किंचित् सौम्य केले आणि मधल्या टप्प्यांतील विसाव्याच्या कांहीं जागांचे दर उतरविले. २०२४ सालीं ‘एल्डन रिंग’ची पुरवणी निघाली, तिच्याही बाबतींत असेंच झालें: तक्रारी आल्या, आणि खेळाडूस मिळणारें बळ आरंभींच्या टप्प्यांत वाढविण्यांत आलें.

त्याच वर्षीं मियाझाकींना त्यांच्या स्वतःच्या खेळण्याविषयीं विचारण्यांत आलें. आपण खेळण्यांत अगदींच कच्चे आहों, आणि खेळांत जें जें साहाय्य मिळतें तें सर्व आपण वापरतों, असें त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें.