मत्स्यपेटीचे पाणी बदलताना उष्णतामानाकडे लक्ष द्या

मीरा-भाईंदर शहरात शोभेचे मासे पाळण्याची आवड पुष्कळ घरांत आहे. कोणी मुलांच्या हौसेखातर काचेची पेटी ठेवतात, तर कोणी गप्पी-मॉलीची पिल्ले वाढवून विकतात आणि घरखर्चास हातभार लावतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. तेव्हा हा विषय केवळ करमणुकीचा राहिलेला नाही.

अशा पालकांची एक तक्रार वारंवार कानी येते. पाणी गढूळ झाले म्हणून दुपारी बदलले, संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि दुसऱ्या दिवशी दोन-चार दगावले. दोष बहुधा मासे विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. परंतु अनेकदा खरे कारण गच्चीवरील टाकीत सापडते.

शहरातील नळाचे पाणी चोवीस तास वाहत नाही. ते ठराविक वेळी येते, तळटाकीत साठते आणि पंपाने गच्चीवर चढविले जाते. तेथे काळ्या प्लास्टिकच्या टाकीत ते दिवसभर उन्हात तापते. मे महिन्याच्या दुपारी नळ सोडला असता हातास चटका बसावा असे पाणी येते, हा सर्वांचा अनुभव आहे. उलट जानेवारीच्या पहाटे तेच पाणी गारठलेले असते. मासा हा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचे उष्णतामान भोवतालच्या पाण्याबरोबर चढते व उतरते. नदीतळ्यात हा फरक सावकाश घडतो. पेटीत आपण तो पाच मिनिटांत घडवून आणतो.

हिशेब करून पाहावा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर उरते. पेटीतील पाणी २८ अंश सेंटिग्रेड आहे आणि त्यांतील १५ लिटर काढून ३८ अंशांचे तितकेच पाणी ओतले, असे समजा. मिश्रणाचे उष्णतामान ३१ अंशांच्या वर जाईल. ९ लिटरच बदलले तर ते ३० अंशांवर थांबेल. मात्र ओतताना ऊन धार ज्या माशाच्या अंगावर पडते, त्याला मिश्रण होण्यापूर्वीच ३८ अंशांचा चटका बसतो.

उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही दुसरी अडचण. २५ अंशांस एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांस ७.६ मिलिग्रॅमच. नेमक्या त्याच वेळी माशाचे श्वसन वाढलेले असते. शिवाय विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून होणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश उष्णतेबरोबर वाढतो. थंडीचा धक्का वेगळ्या रीतीने बाधतो. माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परोपजीवी जंतू संधी साधतो.

उपाय सोपा आहे व त्याला फारसा खर्च नाही. नळाला पाणी येण्याच्या वेळी, गच्चीवरील पाणी तापण्यापूर्वी, एक-दोन बादल्या भरून घ्याव्यात व त्या आदल्या दिवशीच पेटीच्या शेजारी सावलीत ठेवाव्यात. एका रात्रीत बादलीतील पाणी खोलीच्या उष्णतामानावर येते. पेटीही त्याच खोलीत असल्यामुळे दोहोंतील फरक बहुधा अंशाच्या आसपासच राहतो. हवेचा लहान पंप बादलीत सोडल्यास नळाच्या पाण्यातील मोकळा क्लोरीनही बराचसा निघून जातो. बादलीवर पातळ फडके बांधावे, नाहीतर डासांना आयतीच जागा मिळते. लहान घरात बादली ठेवण्यास जागा नसते, अशी सबब सांगितली जाते. पेटीच्या टेबलाखालची जागा त्यासाठी पुरते.

घाई असल्यास क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे बाजारात मिळणारा हायपो वापरावा. १० ग्रॅम हायपो विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावे व ते गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे. त्यातील १ मिलिलिटर १५ लिटर नळाच्या पाण्यास सामान्यतः पुरेसा होतो. टँकरचे किंवा विंधन विहिरीचे पाणी मात्र शक्यतो टाळावे. खाडी व मिठागरांच्या या मुलखात ते मचूळ असण्याचा संभव असतो, आणि क्षार ना हायपोने जातात ना बादलीत ठेवल्याने.

साधनांमध्ये पहिला मान थर्मामीटरचा. काचेवर चिकटवावयाच्या रंगीत पट्टीपेक्षा पाण्यात बुडणारी, पारा नसलेली काचेची नळी अधिक विश्वसनीय असते. एकाच थर्मामीटरने प्रथम पेटीतील व मग बादलीतील पाणी मोजावे, म्हणजे त्या साधनाची चूक दोन्हीकडे सारखीच राहते. फरक दोन अंशांहून अधिक असेल तर पाणी ओतू नये. हिवाळ्यात ते कोमट करण्यासाठी गीझरमधील पाणी घेण्यापेक्षा स्टीलच्या पातेल्यात तापविलेले घ्यावे. काही गीझरांत तांब्याचे भाग असतात आणि तांबे माशांस, विशेषतः कोळंबीस, बाधक असते. २० अंशांच्या साडेआठ लिटर पाण्यात अर्धा लिटर उकळते पाणी घातल्यास सुमारे साडेचार अंश वाढ होते. उन्हाळ्यात बर्फ घट्ट बुचाच्या बाटलीत भरून ती बादलीत सोडावी. पेटीत बर्फ कधीही टाकू नये. पेटीवर पंखा लावल्याने थोडा गारवा येतो, पण किनाऱ्याच्या दमट हवेत देशावरच्याइतका नाही. येथे माठातले पाणीही नागपूरइतके गार होत नाही, त्याचे कारण हेच.

पाणी काढण्यास सुमारे १२ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी व तिला जोडलेला रबरी फुगा घ्यावा. तोंडाने ओढून नळी चालू करण्याची सवय घातक आहे. पेटीच्या पाण्यात माणसाच्या त्वचेस जडणारे काही जंतूही असतात, म्हणून हाताला जखम असताना काम दुसऱ्यावर सोपवावे. नळीचे टोक वाळूवर फिरविल्यास साचलेली घाण पाण्याबरोबर निघते. या कामाची बादली वेगळी असावी व तिला साबण कधीही लागू देऊ नये.

हात पाण्यात घालण्यापूर्वी हीटर, पंप व दिवा यांचे प्लग काढावेत. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर तडकतो आणि तडकलेल्या हीटरने विजेचा धक्का बसू शकतो. तार पेटीवरून थेट प्लगाकडे न नेता तिला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब झोलाशी गळून पडतात. हीटर घ्यावयाचा झाल्यास दर लिटरला एक वॅट हे प्रमाण पुरे. आपल्या हवेत तो थंडीच्या थोड्या आठवड्यांपुरताच लागतो. दुकानातून मोठा हीटर आणण्याचा मोह आवरावा, कारण तो बिघडून चालूच राहिला तर मासे शिजण्याचीच पाळी येते.

आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा बदलावा. महिनाभर थांबून सगळी पेटी रिकामी करणे सर्वांत वाईट. नुसती भर घालणेही पुरेसे नाही, कारण बाष्पीभवनाने पाणी उडते व क्षार मागेच राहतात. नवे पाणी बशीवर बारीक धारेने सोडावे. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळावा. अमोनिया पचविणारे उपयुक्त जिवाणू त्यात वस्ती करून असतात व क्लोरीनने ते मरतात.

काढलेले पाणी मोरीत ओतू नये. त्यात नत्र असल्यामुळे कुंडीतील तुळस, गुलाब व मिरचीस ते मानवते. पेटीत मीठ किंवा औषध घातले असेल त्या आठवड्यात मात्र ते झाडांना देऊ नये.