मोटरची सायकल आणि तिची हंगामापूर्वीची डागडुजी

वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, फार तर अर्थकारण ऐकावे, सायकलीचे कसले व्याख्यान, असे आमच्या एका स्नेह्यांनी विषय ऐकून विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हे. आम्ही शाळा शिकलो नववीपर्यंत. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. इंजिनियरिंगची पदवी आमच्याजवळ नाही. तथापि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खेड्यांवरून येणाऱ्या कामगारांत तीस वर्षे वावरल्यामुळे एवढे कळते, की माणसाचा पगार जसा त्याच्या जगण्याचा प्रश्न असतो, तसाच पंधरा किलोमीटरचा रस्ताही असतो. एस.टी. शिफ्टच्या वेळेला नसते, मोटरसायकलचे हप्ते झेपत नाहीत, आणि दुसरी पाळी सुटते रात्री. मग हरहुन्नरी माणूस घरच्या सायकललाच मोटर बसवतो.

ही कल्पना काही आजची नव्हे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानात आणि युरोपात पेट्रोलही नव्हते आणि गाड्याही नव्हत्या. सायकली मात्र होत्या. १९४६ साली हामामात्सु गावी सोइचिरो होंडा यांना लष्कराच्या बिनतारी यंत्रासाठी बनवलेले एक छोटे जनित्राचे इंजिन दिसले. त्यांनी ते सायकलीला जोडले आणि पेट्रोलची टाकी म्हणून काय वापरले असेल? थंडीत अंथरुणात घ्यायची गरम पाण्याची पिशवी असते ना, तसले जपानी भांडे! पहिली फेरी त्यांच्या पत्नी साची यांनी मारली, आणि कपडे तेलाने माखून घरी आल्या. त्यानंतर होंडांनी कार्बुरेटर सुधारला. पुढच्या मोठ्या कारखान्याचा उगम त्या बाजारहाटाच्या सायकलीत आहे.

त्याच सुमारास इटलीत तुरिन शहरी ‘कुच्चोलो’ नावाचे ४८ सी.सी.चे इंजिन निघाले. नावाचा अर्थ कुत्र्याचे पिल्लू. धुराड्याचा आवाज तसा येई म्हणून. फ्रान्समध्ये १९४६ पासून व्हेलोसोलेक्स विकली जाऊ लागली. या तिघांत शक्ती चाकापर्यंत नेण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. होंडांनी पट्टा वापरला, कुच्चोलोने सायकलीचीच चेन, आणि सोलेक्सने पुढच्या टायरवर घासणारा रूळ. रूळ सर्वांत सोपा, पण टायर भिजला की तो नुसता फिरतो आणि सायकल जागीच. आपल्याकडे १९७२ साली लुना आली ती याच कुळातली, फक्त कारखान्यातून तयार होऊन आलेली. तिच्यावर बसून किती संसार उभे राहिले हे या सभेतल्या प्रौढांना सांगावयास नको.

आता आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाने फवारणीच्या पंपाचे जुने इंजिन सायकलीच्या कॅरिअरखाली बसवले. आम्ही गेट-मीटिंगमध्ये त्याचे जाहीर कौतुक केले. ‘याला म्हणतात कामगाराची बुद्धी’ असे काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. दोन महिन्यांनी दुसरी पाळी सुटल्यावर उतारावर त्याचा ब्रेक लागला नाही. गळ्याचे हाड मोडले आणि मनगट कायमचे अधू झाले. कामावर येता-जाता झालेला अपघात कामावरचाच धरावा, ही तरतूद कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण अर्ज गेल्यावर पहिला प्रश्न आला तो गाडीच्या नोंदणीचा. अर्ज नामंजूर झाला नाही. दीड वर्ष लोंबकळला. तेवढ्यात त्याच्या मुलीचे कॉलेज सुटले. टाळ्या आम्ही घेतल्या होत्या.

तेव्हा कायदा आम्ही नीट वाचला. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात मोटर वाहनाची जी व्याख्या आहे, तीतून चारांहून कमी चाकांचे आणि २५ सी.सी.पर्यंतच्या इंजिनाचे वाहन वगळले आहे. म्हणजे इंजिनाच्या पाटीवर २५ असेल तर एक गोष्ट आणि ३५ असेल तर निराळीच. आमच्या सभासदाचे ३५ चे होते. पाटी कोणी वाचलीच नव्हती. विजेच्या सायकलीचा नियम वेगळा: मोटर पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि या गोष्टी नेमलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या. शेवटची अट घरी मोटर बसवणाऱ्याला अडते. एक सायकल घेऊन माणूस चाचणी संस्थेकडे जाणार कसा? आमच्या मते प्रत्येक आय.टी.आय.त अशा सायकली तपासून दाखला देण्याची सोय सरकारने करावी. ती होईपर्यंत निदान वेग आणि मोटर मर्यादेत ठेवा, आणि दाखला नसलेली सायकल चालवताना आपण कोठे उभे आहोत हे जाणून असा.

आपल्याकडे सायकलीचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. भाद्रपदात डागडुजी करावी आणि खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिचीही पूजा करून रस्त्यावर काढावी, असा आमच्या मंडळींचा प्रघात पडला आहे. डागडुजीची सुरुवात बहुतेक जण मोटरपासून करतात. ती ब्रेकपासून करावी.

कारण साधे आहे. पायाने मारलेली सायकल ताशी १२ किलोमीटरने जाते असे धरा. मोटरने ती २४ ने गेली, तर वेग दुप्पट, पण तिच्यात साठलेली ऊर्जा चौपट होते; तोच ब्रेक तितकाच दाबला तर थांबायला अंतरही चौपट लागते. शिवाय माणसाला धोका दिसून हात दाबायला एखादा सेकंद जातोच. तेवढ्यात सायकल साडेसहा मीटर पुढे गेलेली असते. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने, आऱ्यांकडून, वर ओढून धरतात. सावकाश जाणाऱ्या दूधवाल्याला ते पुरत. मोटरला ते पुरत नाहीत.

येथे आणखी एक अडचण येते, ती दुकानदार सांगत नाही. मोटर चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असते. अशा तुंब्याला बहुधा ३६ आऱ्यांची भोके असतात. काळ्या सायकलीच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४०. म्हणजे जुनी रिम चालत नाही. नवी रिम घेतली तर सळईच्या ब्रेकची रबरे तिच्यावर नीट बसत नाहीत. मग दोन्ही बाजूंनी चिमटणारा तारेचा ब्रेक लावावा लागतो. काळ्या सायकलीवर आमचा जीव आहे. परंतु तारेचे दणकट ब्रेक मुळातच असलेली साधी पोलादी सायकल सेकंडहँड मिळत असेल, तर तीच घ्या आणि काळी सायकल घरी ठेवा. मोटरबरोबर येणाऱ्या ब्रेकच्या मुठींत एक बटण असते. मूठ दाबताच मोटरची वीज तुटते. पुष्कळ जण ‘वायर कोण ओढत बसणार’ म्हणून ते जोडतच नाहीत. ते जोडाच.

दुसरी जागा चिमट्याच्या टोकाची खाच. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आसाला उलटे पिळते. नट ढिले असले, तर आस खाचेत फिरतो, वायर पिळवटून तुटते, आणि एखादे दिवशी पुढचे चाकच निखळते. म्हणून आसावर घट्ट बसणारी पोलादी पट्टी घेऊन तिचे दुसरे टोक चिमट्याला बांधतात. तिला टॉर्क आर्म म्हणतात. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात मोटर बसवू नये. पोलाद वाकून इशारा देते, ॲल्युमिनियम एकदम तडकते. पहिल्या आठवड्यात रोज पाना फिरवून नट पाहावे आणि नव्या चाकाचा आऊट महिन्याने पुन्हा काढून घ्यावा.

बॅटरीचे गणित कागदावर करून मगच पैसे द्यावेत. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. किलोमीटरला १२ वॉट-तास धरले तर ३० किलोमीटर होतात. समोरून वारा, कॅरिअरवर पिठाचा डबा आणि मधला चढ धरला तर २२ समजा. बॅटरी मागच्या कॅरिअरवर उंच बांधण्यापेक्षा मधल्या दांड्याला खाली बांधलेली बरी, सायकल वळणावर डुलत नाही. पावसाळ्यात चार महिने ठेवायची तर पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. अर्धी भरून, कोरड्या जागी, आणि महिन्यातून एकदा पाहावी. दिव्यासंबंधी एकच: मागचा तांबडा दिवा पुढच्यापेक्षा अधिक महत्त्वाचा. ट्रक मागून येतो.

आता वरच्या हिशेबात जाणे-येणे मिळून ३० किलोमीटर असेल तर बॅटरी पुरत नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. म्हणून आम्ही एका कारखान्यात सायकलींच्या शेडमध्ये प्लगची मागणी घातली. व्यवस्थापक म्हणाले, वीज फुकट देता येणार नाही. आम्ही हिशेब मांडला: एक बॅटरी पूर्ण भरायला अर्धे युनिटसुद्धा लागत नाही. मग ते आगीविषयी बोलले, आणि तेथे आम्हांला गप्प बसावे लागले, कारण ते खरे होते. फुगलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पेटू शकते, आणि आमच्यापैकी दोघे जिन्याखाली चार्जर लावीत होते. अखेर ठरले ते असे: शेड मालाच्या गोदामापासून दूर, पत्र्याची, एका बाजूने उघडी, प्रत्येक प्लगला स्वतंत्र फ्यूज, चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच, फुगलेली बॅटरी आत आणायची नाही, आणि विजेपोटी दर सायकलीमागे महिन्याला ठराविक रक्कम. रकमेवरून तीन बैठका झाल्या. सध्या त्या शेडमध्ये अकरा सायकली लागतात. त्यांतली एक आमच्या त्या सभासदाची आहे; मनगटामुळे त्याला डाव्या हाताने ब्रेक दाबवत नाही, म्हणून दोन्ही ब्रेकच्या तारा त्याने उजव्या मुठीत आणून जोडल्या आहेत. हे काम त्याने स्वतःच केले आणि आम्हांला दाखवण्यापूर्वी उतारावर आठ दिवस तपासून पाहिले.