कॅशची एसएसडी बिनसली तर

2012-13च्या सुमाराच्या अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये मोठ्या हार्ड डिस्कच्या जोडीला 24 किंवा 32 जीबीची चिमुकली एसएसडी असे. ती कॅश म्हणून वापरात असताना तिच्यावर आपल्या फायली ठेवता येत नाहीत. इंटेलने 2011मध्ये आणलेल्या 'स्मार्ट रिस्पॉन्स' तंत्रात वारंवार लागणारा डेटा तिच्यात साठवला जातो. म्हणून तोच गेम दुसऱ्यांदा लवकर उघडतो.

विंडोज नव्याने टाकलं की ही जोडी बऱ्याचदा तुटते. एसएसडी जागेवर असते, पण वेग मात्र नुसत्या हार्ड डिस्कचा. मग घाईने ती काढू नका, फॉरमॅटही करू नका. स्मार्ट रिस्पॉन्सच्या 'एन्हान्स्ड' प्रकारात डेटा दोन्हीकडे एकाच वेळी लिहिला जातो, त्यामुळे धोका कमी. 'मॅक्सिमाइज्ड'मध्ये तो आधी एसएसडीवर जातो आणि हार्ड डिस्कवर सवडीने. मधल्या वेळात एसएसडी निघाली, तर ताजा डेटा गेलाच म्हणायचा.

तेव्हा आधी बॅकअप. मग इंटेलच्या रॅपिड स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅक्सिलरेशन' बंद करून पुन्हा चालू करा. तो पर्यायच दिसत नसेल, तर बायॉसमध्ये साटा मोड 'रेड'ऐवजी 'एएचसीआय' झालाय का ते पाहा. चालू विंडोजखाली हा मोड बदलला, तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता असते. बदल जपून करा.

खरं सांगायचं तर, आता हार्ड डिस्कच्या जागी सरळ साटा एसएसडी बसवावी. फक्त त्याआधी अ‍ॅक्सिलरेशन बंद करायला विसरू नका.